मेडिकलच्या काउंटरवरची महाझेप

मेडिकलच्या दुकानात औषधांपेक्षा गोष्टीच जास्त साठतात. औषधांना निदान एक्स्पायरी असते. गोष्टींना तीही नाही, आणि त्या परत घ्यायला कुठला डिस्ट्रिब्युटरही येत नाही. डॉक्टरकडे जाताना माणूस आंघोळ करून, काय सांगायचं ते मनाशी ठरवून जातो. आमच्याकडे तो जसा असेल तसा येतो. हातात पिशवी, तोंडात अर्धं वाक्य आणि मागे कोण उभं आहे यावर एक डोळा. ते अर्धं वाक्य पुरं करून घेणं हाच आमचा खरा धंदा.

मी विद्या. पंचवटीत, मार्केट यार्डाकडे जाणाऱ्या रस्त्याला आमचं मेडिकल आहे. सासऱ्यांनी सुरू केलं होतं. ते गेल्यावर मी आणि माझा धाकटा दीर संदीप मिळून चालवतो. सकाळी भाजी नि फुलं विकून मोकळे झालेले मळेवाले घरी जाता जाता आमच्याकडे थांबतात. बीपीच्या गोळ्या, साखरेच्या गोळ्या, बायकोच्या गुडघ्यासाठी मलम. सगळं पिशवीत भरून झालं, एक पाय पायरीवर ठेवला, की मग म्हणतात, "अजून एक विचारायचं होतं."

हे "अजून एक" काय असतं ते मला चेहऱ्यावरून कळतं. पेपरात, भिंतीवर, मोबाइलवर सगळीकडे त्याच्या जाहिराती असतात. घोडा, सिंह, उगवता सूर्य आणि पुरुषांची ताकद. सगळं आयुर्वेदिक, सगळं गुप्त. अडचण एवढीच, की आमच्या काउंटरवर बाई बसते. संदीप असला तर विचारतात. मी असले तर बाम घेऊन जातात.

* * *

बामचंच सांगते. म्हसरूळकडचे एक गृहस्थ होते. नाव सांगत नाही, कारण त्यांची बायको अजून माझ्याकडूनच कॅल्शियम नेते. हे यायचे, दुकानात दुसरं कुणी नाही ना ते बघायचे, घसा खाकरायचे, माझ्याकडे एकदा बघायचे आणि म्हणायचे, "एक बाम द्या." मी द्यायची. तो खिशात टाकून जरा घुटमळायचे आणि निघून जायचे. पुन्हा आठवडा उलटायच्या आत हजर, पुन्हा बाम.

एक दिवस त्यांची बायको आली. तिने पिशवीतून बामच्या बाटल्या काढल्या आणि काउंटरवर ओळीने मांडल्या. बऱ्याचशा बाटल्यांचं सीलही तोडलेलं नव्हतं.

"ताई, ह्यांचं डोकं एवढं दुखतं का हो? घरात तर कधी बोलले नाहीत. मला वाटलं माझ्याच कटकटीनं दुखत असेल, म्हणून मी जरा माहेरी जाऊन राहिले."

"मग? फरक पडला का?"

"पडला ना. मी तिकडे होते तोवर एकही बाम आणला नाही. मी आले की परत सुरू."

मी न फोडलेल्या बाटल्या परत घेतल्या आणि यजमानांना वरच्या डॉक्टरांकडे पाठवा म्हणून सांगितलं. आमच्याच इमारतीत वर एका डॉक्टरांचा दवाखाना आहे. कशासाठी पाठवायचं, असं तिने विचारलं. डोकेदुखीसाठी, असं मी म्हटलं.

* * *

दुसरी गंमत म्हणजे हे औषध कुणालाच स्वतःसाठी नको असतं. मित्राला हवं असतं. नाशिक जिल्ह्यातल्या पुरुषांइतकी मित्रांची काळजी करणारी माणसं मी कुठेच पाहिली नाहीत.

सटाण्याकडचे दोन डाळिंबवाले होते, एकमेकांचे जिवलग. एकदा त्यातला पहिला एकटाच आला आणि संदीपच्या कानाशी लागला. मित्रासाठी ताकदीची कॅप्सूल पाहिजे होती. कोण मित्र, त्याला काही आजार आहे का, असं संदीपने विचारलं, तेव्हा त्याने दुसऱ्याचं नाव सांगितलं आणि त्याला साखर आहे असंही सांगून टाकलं. संदीप म्हणाला, जरा थांबा, हे गिऱ्हाईक होऊ द्या. तेव्हा पहिला बेबीफूडच्या डब्यांच्या मांडणीमागे जाऊन उभा राहिला.

तेवढ्यात दुसरा आला. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, "मना दोस्तले पाहिजे शे."

"काय पाहिजे ते कळलं," संदीप म्हणाला. "पण असं देता येत नाही. दोस्ताला घेऊन या."

त्याच वेळी पहिला मांडणीमागून बाहेर आला. दुसऱ्याचा चेहरा क्षणभर पडला, पण माणूस हुशार. त्याने लगेच पहिल्याकडे बोट केलं. "हाऊच शे ना तो दोस्त!"

पहिल्याला रागवायची सोय नव्हती. आत्ताच त्यानेही तेच केलं होतं. संदीपने दोघांनाही वरच्या डॉक्टरांकडे धाडलं. दोघंही गेले आणि दोघांनीही वर जाऊन सांगितलं, की मी नुसता याच्या सोबतीला आलोय.

* * *

आता महाझेप आमच्या दुकानात कशी आली, किंवा खरं तर कशी आली नाही, ते सांगते.

एक दिवस एक चुणचुणीत सेल्समन आला. टाय, चकचकीत बॅग, केसांना जेल. त्याने काउंटरवर डबी ठेवली. "महाझेप गोल्ड." डबीवर उधळलेला घोडा. कॅप्सूल आहे, पावडरचं पाकीट आहे, शंभर टक्के आयुर्वेदिक, हिमालयातल्या दुर्मिळ जडीबुटी, साइड इफेक्ट शून्य, असं त्याने एका दमात सांगितलं.

"किती दिवसात गुण येतो?" मी विचारलं.

"दिवस कसले, मॅडम? अर्ध्या तासात."

माझ्या डोक्यात तिथेच घंटा वाजली. झाडपाल्याचं औषध मुरायला वेळ लागतो. वैद्य लोक पथ्य सांगतात, महिने सांगतात. अर्ध्या तासात घोडा उधळत असेल तर त्या पाल्यात कुणीतरी इंग्रजी गोळी कुटून घातलेली असणार. तशी गोळी आमच्या कपाटातही असते, पण ती डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळते आणि देताना आम्ही विचारतो, हृदयाचं काही औषध चालू आहे का. या डबीवर त्या गोळीचं नावच नाही, मग विचारणार कोण?

संदीप माझ्या शेजारी उभा राहून डबी उलटीसुलटी करत होता. त्याला माल आवडला होता हे मला दिसत होतं. रोज एवढी माणसं विचारतात, आपण ठेवली नाही तर दुसरा ठेवेल, हे त्याचं म्हणणं मला बोलायच्या आधीच ऐकू येत होतं. म्हणून मी सेल्समनलाच विचारलं, "तुम्ही घेता का ही?"

"नाही, मॅडम," तो चटकन बोलून गेला. "मला बीपी आहे. बीपीवाल्यांनी घ्यायची नाही असं आमच्या साहेबांनी मीटिंगमध्ये सांगितलंय."

"डबीवर तर शून्य लिहिलंय."

"डबी गिऱ्हाइकांसाठी असते ना, मॅडम."

संदीपने डबी त्याच्या बॅगेवर ठेवली. त्यानंतर आमच्या घरात हा विषय पुन्हा निघाला नाही.

* * *

इथपर्यंतचं सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. पुढचं तसं नाही.

रंगनाथभाऊ आणि हिराकाकू मखमलाबादचे. शेवंती, झेंडू, थोडा गुलाब. फुलं बाजारात दिली की दोघंही माझ्याकडे येऊन टेकणार, हे ठरलेलं. भाऊंच्या हृदयात आदल्या वर्षी स्टेंट टाकला होता. तेव्हापासून एक बारकी गोळी त्यांच्या सदऱ्याच्या खिशात कायम असते. छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायची. ती गोळी मीच देते.

एकदा काकू एकट्याच आल्या आणि त्यांनी माझ्यापुढे एक रिकामं पाकीट टाकलं. "ताई, हे कुठलं टॉनिक हाय? ह्यांच्या नावानं कुरियर आलतं. मी पंपात घालून शेवंतीवर मारलं. किती लिटरला किती घालायचं ते काय लिव्हलं नव्हतं. कृषी केंद्रात दाखवलं तर तो माणूस हसाया लागला. म्हणला, मेडिकलात विचारा."

पाकिटावर उधळलेला घोडा होता. खाली लिहिलं होतं, मुळापासून ताकद, पहिल्याच डोसात फरक. चूक काकूंची नव्हती. शेवंतीच्या आणि द्राक्षाच्या टॉनिकच्या पाकिटांवर हाच घोडा, हाच सूर्य आणि हीच भाषा असते. मळ्यात राहणाऱ्या बाईने ते वाचून पंपात घालायचं नाही तर कुठे घालायचं?

"मग काही फरक दिसला?" मी कसंबसं विचारलं.

"कसला फरक? शेवंती होती तशीच. ह्यांना कुणीतरी फसवलं बघा. पंप मारत होते तर हे बांधावर उभं राहून नुसतं बघत होते, एक शब्द बोलले नाय."

मला हसू यायला हवं होतं. पण मला भाऊंच्या खिशातली बारकी गोळी आठवली. जिभेखालची गोळी रक्तवाहिन्या सैल करते, बीपी उतरवते. महाझेपमध्ये जी गोळी कुटलेली असणार असं मला वाटत होतं, तीही तेच करते. दोन्ही एकत्र झाल्या तर बीपी इतकं खाली जातं, की माणूस बसल्या जागी जाऊ शकतो. हे पाकीट शेवंतीवर गेलं म्हणून भाऊ वाचले होते.

पण काकूंना सांगायचं कसं? मेडिकलवाल्याचा एक नेम असतो. नवऱ्याचं औषध बायकोला सांगायचं नाही, बायकोचं नवऱ्याला सांगायचं नाही. ज्याचं त्याला.

"काकू, हे फुलांना चालत नाही," मी म्हटलं.

"मग कशाला चालतं?"

"कशालाच चालत नाही. परत आलं तर घेऊ नका, माझ्याकडे आणून द्या."

* * *

भाऊंशी बोलायचं काम मी संदीपला दिलं. पुरुषाशी पुरुषाने बोललेलं बरं, असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी संदीप त्यांना समोरच्या टपरीवर चहाला घेऊन गेला. मी काउंटरवरून बघत होते. दोघं गंभीरपणे बोलत होते, माना हलवत होते. एकदा तर भाऊंनी संदीपच्या खांद्यावर हात ठेवला. मला फार बरं वाटलं.

संदीप परत आला. "बोललो, वहिनी."

"काय म्हणाले?"

"ते म्हणाले, यंदा काही खरं नाही. मी म्हटलं, धीर सोडू नका. ते म्हणाले, सरकारनेच लक्ष घातलं पाहिजे."

"कशात?"

"कांद्यात."

त्याला बोलून उपयोग नव्हता. अर्धा अर्धा चहा पिऊन दोन पुरुष अख्खं जग सुधारून येतील, पण मुद्द्याला हात लावणार नाहीत. मग मीच पदर खोचला.

भाऊ आले तेव्हा मी त्यांना आतल्या बाजूला, खोक्यांच्या मागे बसवलं आणि सरळ विचारलं, "भाऊ, महाझेप तुम्ही मागवली होती ना?"

ते खाली बघायला लागले. कान लाल झाले. मग म्हणाले, "झाडपाल्याचं हाय ना ताई. झाडपाल्यानं काय होतंय?"

"तुमच्या बांधावर कण्हेर आहे ना?"

"हाय की. कुंपणाला लावलीय."

"तीही झाडपालाच. जनावरंसुद्धा तिला तोंड लावत नाहीत. तुम्ही खाल?"

फुलवाल्याला कण्हेर वेगळी समजावून सांगावी लागत नाही. मी त्यांना दोन्ही गोळ्यांचं सगळं सांगितलं, जिभेखालची आणि कुटलेली. बाईमाणसाने हे बोलावं याची लाज त्यांना वाटत होती. मला वाटत नव्हती. निघताना म्हणाले, "ताई, स्टेंट टाकल्यापासनं मी माणसातनं उठल्यासारखा झालोय." ते वाक्य मला दिवसभर टोचत राहिलं.

पुन्हा मागवणार नाही, असा शब्द त्यांनी मला दिला होता, आणि त्यांनी तो पाळलाही. त्यांनी मागवली नाही. कंपनीनेच फोन केला.

* * *

या फोनबद्दल मला नंतर कळलं. पेपरातल्या नंबरवर माणसाने एकदा फोन केला की त्याची सुटका नसते. एक बाई रोज गोड आवाजात फोन करायची. स्वतःला डॉक्टर म्हणवायची. "सर, कोर्स अर्धवट सोडला तर उलटा परिणाम होतो. होती तीही ताकद जाते." आता भाऊंचा कोर्स शेवंतीने घेतला होता, हे त्या बाईला कसं सांगणार? त्यांनी ओशाळून दुसरं पाकीट मागवलं आणि या वेळी ते बाजारातल्या एका ओळखीच्या गाळ्यावर उतरवून घेतलं.

दसऱ्याच्या आधीचा बाजार होता. सगळा रस्ता झेंडूने पिवळा झालेला, आमच्या दुकानात पाय ठेवायला जागा नाही. गर्दीतून वाट काढत भाऊ आत आले ते छातीवर हात धरूनच. कपाळावर घाम, ओठ पांढरे. मागे हिराकाकू रिकाम्या क्रेट घेऊन. मी स्टूल पुढे केलं. भाऊ बसले आणि त्यांनी खिशातून ती बारकी गोळी काढली.

एरवी मीच म्हटलं असतं, ठेवा लवकर जिभेखाली. पण मी काउंटरची फळी उचलून बाहेर आले आणि त्यांचं मनगट धरलं.

"भाऊ, महाझेप घेतलीय का?"

दुकान एकदम गप्प झालं. तिथल्या प्रत्येक पुरुषाला महाझेप म्हणजे काय ते माहीत होतं, हे त्या शांततेवरूनच कळलं. भाऊंनी माझ्याकडे बघितलं, मग काकूंकडे, मग त्या सगळ्या माणसांकडे. त्यातले निम्मे त्यांच्या गावचे होते. ते "नाय" म्हणाले असते तर मला हात सोडावा लागला असता. मी आयुष्यात कुणाच्या तोंडून शब्द निघायची इतकी वाट बघितली नाही.

"घेतलीय," भाऊ म्हणाले. "काल सांजच्याला."

"काय घेतलंय?" काकूंनी विचारलं.

मी भाऊंच्या मुठीतून गोळी काढून घेतली. संदीप वरच्या डॉक्टरांना घेऊन पळत खाली आला. रांगेतल्या एका टेम्पोवाल्याने झेंडूची पोती भराभर रस्त्यावर उतरवली आणि भाऊंना गाडीत घेतलं. काकू आणि डॉक्टर त्यांच्याबरोबर बसले. मी हॉस्पिटलला फोन करून सांगितलं, पेशंट येतोय, त्याने काय घेतलंय ते आधी ऐका आणि जिभेखालच्या गोळीच्या जातीचं औषध देऊ नका. दोनदा सांगितलं आणि त्यांच्याकडून परत म्हणवून घेतलं.

दुपारी काकूंचा फोन आला, की भाऊ बोलतायत, चहा मागतायत. मी खोक्यांच्या मागे जाऊन रडले. भाऊ वाचले म्हणून रडले, आणि एवढ्या माणसांसमोर, बायकोसमोर, तो एक शब्द खरा बोलायला त्यांना किती जड गेलं असेल, म्हणूनही रडले.

* * *

दुसऱ्या दिवशी तो टेम्पोवाला आला. भरदार मिशा, गळ्यात जाड साखळी. दुकानात चारपाच गिऱ्हाइकं होती. तो संदीपला ओलांडून सरळ माझ्यासमोर उभा राहिला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "ताई, मला साखर हाय. आणि ते पण हाय. दोन्हीचं एकाच डॉक्टरला दाखवलं तर चालतं का?"

मी म्हटलं, चालतं, उलट एकालाच दाखवा. बऱ्याचदा एकामुळेच दुसरं होतं. मागचे दोघं औषध विसरून ऐकायला पुढे सरकले. एकाने विचारलं, बीपीनं पण होतं का? दुसऱ्याने विचारलं, तंबाखूनं? मी आपली उत्तरं देत राहिले. भाजीचा भाव सांगावा तसं बोलणं चाललं होतं.

वरचे डॉक्टर आता मला चिडवतात, की तुमच्यामुळे माझ्या दवाखान्यात पुरुषांची रांग लागली. ते कुणाची साखर आटोक्यात आणतात, कुणाची सिगारेट सोडवतात, कुणाला नुसतं ऐकून घेतात. ज्याला गरज असेल आणि झेपेल त्याला नीट तपासून, चिठ्ठीवर गोळी देतात. ती चिठ्ठी घेऊन माणसं माझ्याकडे येतात आणि मान वर करून उभी राहतात. बामचा खप मात्र फार पडला.

* * *

भाऊंच्या दुसऱ्या पाकिटातली उरलेली पावडर घेऊन संदीपने औषध निरीक्षकांकडे तक्रार केली. कांद्यात जेवढा जीव ओतला असता तेवढाच जीव ओतून त्याने पाठपुरावा केला. नमुना तपासला गेला आणि झाडपाल्यात इंग्रजी गोळी निघालीच. महाझेप बाजारातून उठली.

काही दिवसांनी तोच सेल्समन पुन्हा आला. बॅग तीच, जेल तेच. त्याने नवी डबी काढली. "मॅडम, ते महाझेप कंपनीने बंद केलं. हे नवीन, महाउड्डाण." घोडा तोच होता, फक्त त्याला आता पंख लावले होते.

"तुमचं बीपी कसं आहे?" मी विचारलं.

"गोळी चालू आहे, मॅडम."

"मग या डबीबद्दल साहेब मीटिंगमध्ये काय म्हणाले?"

त्याने डबी हळूच स्वतःकडे ओढली. मी त्याला भाऊंची आणि रिकाम्या क्रेट हातात धरूनच टेम्पोत चढलेल्या हिराकाकूंची सगळी हकीकत सांगितली. तो उभा राहून ऐकत होता. मग त्याने डबी बॅगेत टाकली, टाय सैल केला आणि म्हणाला, "मॅडम, तुमच्या ओळखीत कुठे जागा असली तर सांगाल का? साधी औषधं विकायची."

सध्या तो सर्दी-खोकल्याचं सिरप विकतो. बरं चाललंय त्याचं.

* * *

आता शेवटचं. हे मी कुणालाही सांगते तेव्हा मला स्वतःलाच पुन्हा बघितल्यासारखं वाटतं.

भाऊ हॉस्पिटलमधून घरी आले, महिनाभर विश्रांती घेतली, सगळ्या तपासण्या झाल्या. हृदयाच्या डॉक्टरांनी काकूंना भाऊंच्या शेजारी बसवून घेतलं आणि दोघांनाही एकदमच सांगितलं. हृदय चांगलं चाललंय. संसारातली कुठलीही गोष्ट बंद नाही. फक्त एक खूण लक्षात ठेवा. दोन मजले जिना न थांबता चढता आला, दम लागला नाही, छातीत दुखलं नाही, की समजायचं, भीती नाही.

त्याच दिवशी हॉस्पिटलमधून दोघं परस्पर माझ्याकडे आले. भाऊ पेढे काढत होते. काकू माझ्याजवळ सरकल्या आणि हळू आवाजात बोलायला लागल्या. स्टेंट टाकल्यावर भाऊंनी आपली खाट गच्चीवरच्या खोलीत नेली होती. खाली गरम होतं म्हणाले. काकूंना वाटलं, आपण ह्यांना नकोशा झालो. भाऊंना वाटत होतं, रात्री आपल्याला काही झालं तर ही घाबरेल, त्यापेक्षा वर झोपलेलं बरं. आणि बाकीचं तर बोलायची सोयच नव्हती. एवढ्या दिवसांत दोघांनी एकमेकांना एका शब्दानं विचारलं नव्हतं.

"मी म्हणलं, मलाच काय सांगायचं नव्हतं होय?" काकूंचे डोळे भरले. "जिवाशी खेळ केला ह्यांनी. माझ्यासाठी. मी कधी मागितलं होतं का काय?"

मी त्यांचा हात हातात घेतला.

काकूंनी डोळे पुसले आणि आमच्या इमारतीच्या जिन्याकडे बघितलं. वर दवाखान्यापर्यंत बरोबर दोन मजले. मग त्या भाऊंकडे वळल्या.

"जावा वर."

"आत्ता? वर काय काम हाय?"

"काम नाय. नुसतं जावा आन या."

भाऊंनी पेढ्यांचा पुडा संदीपच्या हातात दिला, धोतराचा सोगा सावरला आणि जिना चढायला लागले. काकू खाली कठड्याला धरून, मान वर करून उभ्या राहिल्या. मी काउंटर सोडून बाहेर आले. संदीप आला. औषधाला आलेली माणसंही काय चाललंय ते बघायला जिन्याशी येऊन थांबली. वरून चपलांचा आवाज येत होता, मग तो थांबला. काकूंनी डोळे मिटले. मग आवाज पुन्हा सुरू झाला, आणि भाऊ हळूहळू खाली उतरताना दिसले.

"थांबला होता?"

"वर पोचलो म्हणून थांबलो."

"दम लागला?"

"नाय."

"छातीत?"

"काय नाय."

काकूंनी पदर नीट केला आणि संदीपकडे वळल्या. "संदीपभाऊ, सांजच्याला हाताखाली कुणी मिळंल का? गच्चीवरनं खाट खाली आणायची हाय."

"कशाला माणूस?" भाऊ म्हणाले. "मी आणतो की."

"एकट्यानं नाय उचलायची," काकू म्हणाल्या. "एक बाजू मी धरते."